हा तो मासा नव्हे

वेट्रेसने मासा जाळीसकट टेबलाशी आणला. खाली धरलेल्या लाल बादलीवर तो शेपटी आपटत होता. पाण्याचे चार थेंब डॉक्टरच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर उडाले आणि त्याने ते हसत हसत पुसले. त्याच्या आईचा उजवा हात मात्र तोवर आपसूक पुढे गेला होता, अंगठा आणि तर्जनी माशाला डोक्यामागे धरायच्या बेतात. टेबलाखाली मुलाच्या बुटाने तिच्या पावलाला हलकेच टोचलं. हात मागे आला आणि मांडीवरच्या रुमालाखाली जाऊन बसला.

“हा चालेल ना सर?” मॅनेजरने विचारलं. “आत्ता टाकीतून काढलाय. आलं, पातीचा कांदा घालून वाफवतो. दहा मिनिटांत.”

“चालेल म्हणजे? पळेल!” डॉक्टर म्हणाला, आणि सगळे हसले.

आईने माशावरून एकदा नजर फिरवली. अंगावर तपकिरी ठिपके, पाठीवरचे काटे ताठ, डोळा काळाभोर आणि फुगीर. शेपटीचा वरचा कोपरा टाकीच्या भिंतीला घासून घासून झिजलेला, दात पडलेल्या कंगव्यासारखा. जनावर चांगलं होतं. तिने मान हलवली. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ती मान कुणी पाहिली नाही.

बाजारात तिला सगळे कल्लेमावशी म्हणत. गिऱ्हाइकाने मागो न मागो, मासा हातात घेतला की ती आधी कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायची आणि मगच भाव सांगायची. आदल्या दिवसाचा माल असला तर तोंडावर सांगायची, “कालचा आहे. आजच खाणार असाल तर न्या.” चौतीस वर्षं तिने हे केलं. नवरा गेला तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती आणि धाकटा चार. तिच्या मासळीच्या ओट्यावर, मागच्या बर्फाच्या पेटीवर बसून दोघांनी पाढे पाठ केले. धाकटा दातांचा डॉक्टर झाला तेव्हा अख्खा बाजार म्हणाला, मावशीचा वारसा चालवतोय पोरगा. आईने माशांची तोंडं उघडून पाहिली, हा माणसांची पाहतो!

आज त्याचं लग्न ठरल्याचं जेवण होतं. मुलीकडचे तिघं आणि इकडचे चौघं. मुलगी इंजिनिअर होती, पुलांची तपासणी करायची. तिचे वडील कॉलेजचे प्राचार्य म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. अजूनही वाक्य संपवताना समोर वर्ग असल्यासारखे थांबत. प्राचार्यीणबाई फार बोलत नव्हत्या. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांचे पेले पुसून ठेवले होते आणि आता लेकीकडे वरचेवर बघत होत्या. थोरलीने आपल्या सहा वर्षांच्या चिमणीला आणलं होतं. चिमणीचा सगळा जीव टेबलाच्या मधोमध असलेल्या गोल काचेत अडकला होता. ती फिरवली की लोणच्याची वाटी सगळ्यांना भेटून परत येत होती.

सकाळी गाडीत डॉक्टरने आरशातून आईकडे बघत विषय काढला होता.

“आई, मी त्यांना सांगितलंय की तू मत्स्योत्पादन क्षेत्रात होतीस.”

“कुठल्या क्षेत्रात? तीन बाय चारचा ओटा होता माझा. त्यातला एक कोपरा शेजारणीचा बर्फ खायचा.”

थोरली खिडकीकडे तोंड करून हसली. तो हसला नाही.

“आजची एक दुपार. लग्न झालं की मी सावकाश सांगेन सगळं. घर शिकलेलं आहे त्यांचं.”

मावशीने आपल्या हातांकडे पाहिलं. अंगठ्याच्या पेरावर सुरीचा पांढरा वण होता, तळव्यावर काट्यांच्या जुन्या टोचण्या. आदल्या दिवशी त्याने आणून दिलेलं क्रीम तिने दोनदा चोळलं होतं. लांब बाह्याही त्यानेच सुचवल्या होत्या.

“खोटं मी बोलणार नाही,” ती म्हणाली होती. “गप्प बस म्हणत असशील तर बसते.”

आणि ती बसली होती. पाऊण तास झाला, प्राचार्य तिला ‘मॅडम’ म्हणत होते. ती कुठल्यातरी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाली आहे, असं त्यांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं, आणि डॉक्टरने ते तसंच राहू दिलं होतं.

“मॅडम, एक विचारतो,” मासा आत गेल्यावर ते म्हणाले. “एवढी वर्षं तुम्ही हे सगळं जवळून पाहिलंत. आपलं धोरण नेमकं कुठे चुकतं?”

मावशीने मुलाकडे पाहिलं. तो पाणी पीत होता.

“धोरणाचं मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण बर्फ वेळेवर आला पाहिजे. बर्फ उशिरा आला की सगळं मुसळ केरात.”

“वा!” प्राचार्यांनी टेबलावर बोट आपटलं. “शीतसाखळी! एका वाक्यात मूळ मुद्दा. आमच्याकडे यावर दोन दिवसांचं चर्चासत्र झालं होतं.”

थोरलीला ठसका लागला. तिने चिमणीचं नाक पुसायचं निमित्त केलं.

कोळंबी आली, खेकडे आले. मावशीने खेकड्याला हात लावला नाही. तो सोलायला घेतला असता तर दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला असता. ती भाताची शितं चिमट्यात धरल्यासारखी जेवत राहिली. होणारी सून मात्र खेकड्याशी मनापासून झुंजत होती, आणि तिच्या हनुवटीला रस लागला होता. ते मावशीला आवडलं. एकदा दोघींची नजरानजर झाली तेव्हा मुलगी काहीतरी बोलणार असं वाटलं, पण प्राचार्यीणबाईंनी तिच्याकडे हात पुसायचा रुमाल सरकवला आणि ते राहून गेलं.

मग मासा आला. लांबट ताटात, वर हिरवी-पांढरी पात, आल्याचे दोरे, आणि नुकतंच ओतलेलं तेल अजून चरचरत होतं. मॅनेजरने तो स्वतःच्या हाताने काचेवर ठेवला. डॉक्टरने काच फिरवून आधी प्राचार्यांपुढे नेली.

“समोर जिवंत पाहिलेला मासा! यासारखं सुख नाही,” तो म्हणाला.

ताट मावशीसमोरून गेलं तेवढ्यात तिला दिसायचं ते दिसलं. डोळा आत गेलेला. पाठीवरचे काटे निजलेले. जिवंत कापलेला मासा वाफेवर आकसतो, कातडं तडकतं. हा ओल्या टॉवेलसारखा सपाट पडला होता. आणि पातीखालून बाहेर आलेली शेपटी अगदी अखंड, दोन्ही कोपरे जागच्या जागी.

तिने डोळे मिटून घेतले. बसते म्हणाले होते ना, मग बसायचं. शहाण्याने अशा वेळी कानाडोळा करावा. प्राचार्यांनी घास घेतला, जरा थांबले, दुसरा घेतला नाही, पण सौजन्याने म्हणाले, “छान आहे. आल्याचा स्वाद चांगला उतरलाय.”

काच फिरत फिरत मावशीपाशी आली. तिने चमच्याच्या टोकाने कण्याजवळचं मांस जरा उचकटलं. ते पापुद्र्याने सुटलं नाही, पिठल्यासारखं चमच्याला लागलं. आल्याच्या आडून तो वास आला, जो तिला झोपेतही ओळखता आला असता. कालचासुद्धा नव्हे, परवाचा.

आणि चिमणीचा चमचा भरून वर उचललेला होता.

“ठेव तो खाली,” मावशी म्हणाली.

आवाज जुना होता, बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. बाजूच्या टेबलावरची माणसंही वळली. चिमणीचा चमचा ताटलीत पडला.

“आई, काय झालं?” डॉक्टरने दबल्या आवाजात विचारलं.

“कुणी खाऊ नका. हा तो मासा नव्हे.”

मॅनेजर हसतच आला. त्याला अशी म्हातारी माणसं नवीन नसावीत.

“आजी, शिजल्यावर मासा वेगळा दिसतो,” तो समजूत घालत म्हणाला. “रंग बदलतो ना. सगळ्यांनाच असं वाटतं.”

चौतीस वर्षांत तिला बरंच काही ऐकावं लागलं होतं, पण शिजल्यावर मासा कसा दिसतो हे आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

“रंग बदलतो,” ती म्हणाली. “झिजलेली शेपटी पुन्हा उगवते का?”

“आई, जाऊ दे,” डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “आपण दुसरं काही मागवू. आजच्या दिवशी कशाला...”

“आजच्याच दिवशी. पोरीच्या तोंडात जाणार होता तो घास.”

“मॅडम या विषयातल्या तज्ज्ञ आहेत हे मान्यच,” प्राचार्य मध्ये पडले, “पण केवळ अंदाजावरून आपण यांच्यावर असा...”

“अंदाज कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला पाहिजे? टाकी काही फार लांब नाही.”

तिने खुर्ची मागे सारली. डॉक्टरने तिचं मनगट धरलं. जोराने नव्हे, लहानपणी गर्दीत धरायचा तसं. तिने त्या हाताकडे बघितलं, मग दुसऱ्या हाताने तो सोडवला आणि त्याच्याच मांडीवर ठेवला.

टाकी दाराजवळ होती, माणसाच्या छातीएवढी उंच. आत निळा दिवा आणि हवेचे बुडबुडे. मावशी काचेसमोर उभी राहिली. मागोमाग चिमणी, थोरली, होणारी सून, आणि नाइलाजाने बाकीचे. मासे एकमेकांना वळसे घालत होते. मावशी वाट बघत राहिली. थोड्या वेळाने मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून तपकिरी ठिपक्यांचा एक मोठा मासा सावकाश पुढे आला, काचेपाशी वळला आणि आपली झिजकी शेपटी सगळ्यांना दाखवून गेला.

“आजी, तोच!” चिमणी ओरडली. “कंगवा!”

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मॅनेजरचं हसू चेहऱ्यावरच सुकलं. तो एकदम वेट्रेसकडे वळला.

“तुला कितीदा सांगितलं, नीट बघून आत देत जा म्हणून! सर, हिची चूक आहे, मी हिला आत्ताच्या आत्ता...”

वेट्रेस बादलीच्या दांड्याला धरून उभी होती. तिने मान वर केली नाही.

“तिच्यावर ढकलू नका,” मावशी म्हणाली. “बादली तिच्या हातात होती. हुकूम कुणाचा होता ते मला विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. तिला कामावरून काढलंत तर मी उद्या येईन, परवाही येईन, आणि इथे दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला ही शेपटी दाखवीन. मला आता दुसरं काम नाही.”

स्वयंपाकघराचं झुलतं दार उघडलं. आतून म्हातारा आचारी बाहेर आला. चिनी होता, बुटका, कपाळावर घाम. त्याने टेबलावर राहिलेल्या ताटाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलंच नाही. भिंतीवरची जाळी काढून त्याने दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली.

“गिऱ्हाइकाने टाकीत हात घालायचा नाही, नियम आहे,” मॅनेजर म्हणाला.

“तुमचा नियम आपण आत्ताच बघितला,” मावशी म्हणाली, आणि बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या.

माशामागे जाळी पळवायची नसते. तिने ती कोपऱ्यात बुडवली, स्थिर धरली आणि दुसरा हात पाण्यात घालून नुसती बोटं हलवली. मासा वळला, बिचकला, मागे सरला, आणि आपण होऊन जाळीत बसला. तिने तो उचलला, अंगठ्याने कल्ला वर केला. आत लालभडक. सवयीने तिने तो फिरवून सगळ्यांना दाखवला, जणू समोर गिऱ्हाईक उभं होतं. मग आचाऱ्याकडे दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याने मान झुकवली, तिने बोटाने वाफेची खूण केली आणि आठ बोटं दाखवली. त्याने मान हलवून नऊ दाखवली. तिने जरा विचार करून मान्य केलं.

सगळे परत येऊन बसले तेव्हा तिच्या बाह्या ओल्या होत्या आणि बोटांना माशाचा वास होता. जुनं ताट कुणीतरी नेलं होतं. प्राचार्य तिच्याकडे नव्या आदराने बघत होते.

“कमाल आहे मॅडम! म्हणजे खात्यात असताना तुम्ही स्वतः प्रत्यक्ष...?”

वाक्याची शेपूट त्यांनी मोकळी सोडली. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. नुसती मान हलवली असती तरी. डॉक्टर तिच्याकडे बघत होता, आणि ते बघणं तिला ओळखीचं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकातून असाच बघत होता.

“खातं वगैरे काही नाही,” ती म्हणाली. “मासळी बाजारात बसत होते मी. ओटा होता माझा. चौतीस वर्षं मासे विकले, कापले, साफ केले. खवले काढताना याचे पाढे घेतले.”

काचेवरची लोणच्याची वाटी जिथल्या तिथे थांबली होती.

“यानं तुम्हाला अगदीच खोटं सांगितलं नाही. जरा मोठं करून सांगितलं. लहानपणापासूनची सवय आहे, बोटाएवढा मासा मिळाला की हात पसरून दाखवायचा.” ती जरा थांबली. “पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला जमत नाही. तासभर लपवलं, तेवढ्यात पाठ दुखायला लागली. मला माझ्या कामाची लाज नाही. याला आहे. ती त्याची त्याने बघावी.”

“आई...” डॉक्टर म्हणाला.

प्राचार्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. प्राचार्यीणबाई ताठ बसल्या होत्या. थोरलीने चिमणीला जवळ ओढलं, उठायची तयारी असल्यासारखं. मावशीनेही मनात उठून पाहिलं होतं. जायचंच झालं तर दार जवळ होतं आणि पाय धड होते.

“काकू,” होणारी सून म्हणाली. “मलाही एक सांगायचंय.”

“आत्ता नको,” प्राचार्यीणबाई पटकन म्हणाल्या.

“अगं, आपलं ठरलंय ना...” डॉक्टर पुढे झुकला.

मुलीने दोघांकडे बघितलं नाही. तिने हनुवटीला लागलेला खेकड्याचा रस पालथ्या हाताने पुसला.

“माझं आधी एक लग्न झालं होतं. अकरा महिने. तो वाईट होता असं नाही म्हणणार मी. पण घरात मी पाऊल वाजवलं की त्याच्या कपाळाला आठी यायची, आणि मग मी न वाजवता चालायला शिकले. एक दिवस पुलावर काम करताना लक्षात आलं, मी तिथेसुद्धा चवड्यांवर चालतेय. त्या दिवशी परत गेले नाही.” तिने श्वास घेतला. “याला सगळं माहीत आहे. तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं.”

“कुणी ठरवलं?”

“सगळ्यांनी. मीसुद्धा.”

मावशीने मुलाकडे पाहिलं. तिच्या कपाळाची शीर वर आली होती.

“म्हणजे मलाही दुसराच मासा वाढलास.”

“तुला... जुन्या वळणाची आहेस, तुला चालणार नाही असं वाटलं मला.”

“मला विचारलंस?”

प्राचार्यीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या ते कुणाला दिसू नये म्हणून पेला पुन्हा पुसत होत्या, कोरडाठाक पेला. प्राचार्यांना कधी नव्हे ते वाक्य सुरूच करता येत नव्हतं.

झुलतं दार उघडलं. या वेळी आचारी स्वतः ताट घेऊन आला. मासा वाफेने आकसून किंचित वळला होता, कातडं पाठीवर फुटलं होतं, डोळे पांढरे होऊन बाहेर आले होते. त्याने ताट मावशीपुढे ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. मावशीने वाकून वास घेतला. मग मान खाली-वर केली. तो आत गेला.

तिने चमचा आणि काटा उचलला. डोळ्याखाली, जबड्याच्या वर, नखाएवढा एक मऊ तुकडा असतो. चौतीस वर्षांत तो तिने कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितला नव्हता, तो घरचा. ती तो अलगद सोडवू लागली. सगळे तिच्या हातांकडे बघत होते आणि हात झाकायला मांडीवर रुमाल नव्हता, तो केव्हाच खाली पडला होता. तिने उठून, टेबलाला अर्धा वळसा घालून, तुकडा मुलीच्या ताटलीत ठेवला.

“हे आधी खायचं,” ती म्हणाली. “गरम आहे तोवर. आणि आमच्या घरी फरशा सैल आहेत, पाऊल वाजतंच. सवय कर.”

मुलीने ओठ दाबले. मग तुकडा तोंडात घातला.

मावशीने कण्याच्या बाजूने चमचा फिरवला, वरचा पापुद्रा अख्खा सुटून आला. चिमणीला वाढलं, थोरलीला वाढलं. प्राचार्यांना वाढलं.

“विहीणबाई, ताट पुढे करा.”

तो शब्द त्या दुपारी पहिल्यांदाच कुणी उच्चारला होता. प्राचार्यीणबाईंनी पेला खाली ठेवला. क्षणभर त्यांचा हात हलला नाही. मग ताटली काचेच्या कडेला टेकली.

मावशी आपल्या जागेवर येऊन बसली आणि स्वतःला वाढून घेतलं. डॉक्टरची ताटली रिकामी होती. त्याने ती जराशी उचलून तिच्या बाजूला धरली, घरी धरायचा तशी.

“तुझे हात धड आहेत,” ती म्हणाली. “तुझं तू घे.”

ती जेवू लागली. बोटांनी, बाह्या वर सरकवलेल्याच ठेवून. डॉक्टरने काच आपल्याकडे फिरवली. मांसल भाग अजून बराच शिल्लक होता. त्याने चमचा त्याच्यावर नेला, थांबला, आणि मग ताटाच्या टोकाकडचा काट्यांनी भरलेला तुकडा घेतला, जो तो लहानपणी नेहमी आईच्या ताटात सरकवून द्यायचा. मान खाली घालून, एकेक काटा जिभेने शोधून काढून, तो तो खात राहिला.